एका घरात दोन सुनिता

"मॅडम, तुम्ही सिमेंटवरही काम केलंय?" मनन लुणावतने कॉम्प्युटरचा पडदा सुलक्षणाकडे वळवला.

"सिमेंट?"

"दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या राखेपासून सिमेंट. शिवाय केळीवरचा करपा, कपाशीवरचे तुडतुडे, आणि हा एक बघा, एसटीच्या टायरांची झीज."

सुलक्षणाने चष्मा वर सरकवून पाहिलं. डॉ. सुलक्षणा ईश्वर पाटील, प्राणिशास्त्र विभाग, अमळनेर. विषय, मेंदू आणि स्मृती. आणि त्याखाली हा सगळा बाजार. जगभरच्या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या त्या वेबसाइटला एस. पाटील नावाची जेवढी माणसं सापडली, त्या सगळ्यांची तिने एकच मोट बांधली होती. आता खानदेशात एस. पाटील गोळा करायला निघालं तर एसटीची एक गाडी पुरायची नाही, हे त्या बिचाऱ्या वेबसाइटला कोण सांगणार?

मनन कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. पोरगा हुशार आणि मदतीला तत्पर. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी सुलक्षणाचं संशोधन नीट मांडून द्यायचं काम प्राचार्यांनी त्याच्याकडे दिलं होतं. कारण आताशा नुसते निबंध लिहून भागत नाही. तुमच्या निबंधाचा दाखला दुसऱ्या किती संशोधकांनी आपल्या निबंधात दिला, यावर तुमची किंमत ठरते. मागच्या खेपेला समितीने तिच्या अर्जावर 'संशोधनाचा प्रभाव अल्प' असा शेरा मारून तो परत पाठवला होता. निवृत्ती आता डोळ्यांपुढे दिसायला लागली होती. ही खेप गेली तर पुढची नव्हती.

"राहू द्या ना, मॅडम," मनन हळूच म्हणाला. "आकडा कसा भरदार दिसतोय. समिती काय एकेक निबंध उघडून बघते?"

"मनन, मला सिमेंटचं अर्धं पोतं उचलत नाही. काढ सगळं."

त्याने एकेक करून काढलं. राख गेली, करपा गेला, टायर गेले. शेवटी सुलक्षणाचे स्वतःचे निबंध तेवढे उरले. एक कासवांच्या झोपेवर, दोन म्हाताऱ्या उंदरांच्या विसराळूपणावर, असेच आणखी काही. छोट्या नियतकालिकांतले, सुट्ट्यांमध्ये जीव तोडून लिहिलेले. दाखले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलेही निम्मे तिनेच स्वतःला दिलेले. मननने घसा खाकरला. आपलं उघडं पडलेलं घर शेजाऱ्याने बघावं, तसं तिला झालं.

"लग्नाआधीचं काही, मॅडम?"

"एक आहे. पण तेव्हा मी सुनिता होते. सुनिता सुकलाल पाटील."

मननने नाव टाकलं. पडद्यावर एकच निबंध आला, आणि मननचा हात उंदरावरून उचलला गेला. म्हणजे कॉम्प्युटरच्या उंदरावरून. खरे उंदीर निबंधात होते.

"मॅडम," तो म्हणाला, "या बाईंचा एकच निबंध आहे. पण दाखले शंभरावर आहेत. जपान, कॅनडा, ब्राझील. हा तर गेल्या महिन्यातला आहे."

सुलक्षणा खुर्ची ओढून बसली.

बोदवडजवळच्या तिच्या वडलांच्या शेतात नांगरट झाली की उंदीर वेड्यासारखे फिरायचे. बांध तेच, पण आतली प्रत्येक ओळखीची खूण नाहीशी झालेली. चार दिवस भटकून पुन्हा आपल्या बिळाशी येणारे उंदीर तिने लहानपणी पाहिले होते. सुकलाल म्हणायचे, "यास्ले कोन वाट दाखाडस, सांग बरं?" विद्यापीठात पोचल्यावर तिने तोच प्रश्न संशोधनाला घेतला. सर म्हणाले, "शेतातले उंदीर प्रयोगशाळेत आणायचे कोणी?" सुकलालांनीच आणले, पिंजऱ्यात घालून, पॅसेंजर गाडीतून, वर गवताची पेंडी टाकून. वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा जो भाग असतो, त्यात नांगरटीनंतर नवा नकाशा तयार होतो, पण जुना पुसला जात नाही, असं त्या निबंधात तिने दाखवलं होतं. निबंध छापून आला तेव्हा तिच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. पुढे सर वारले. मूल झालं, सहा-सात वर्षं घरात गेली. मग नोकरी मिळाली ती नव्या नावाने. अर्जातल्या यादीत तो निबंध ती तळाशी लिहायची, तिथवर कुणाची नजर जात नव्हती. त्याचं पुढे काय झालं हे पाहायचं तिच्या कधी मनातच आलं नाही. दिल्या घरी सुखी असलेल्या मुलीची चौकशी करायला उगाच कोण जातं?

आणि ही मुलगी तर जगभर फिरून आली होती. सुलक्षणाला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. वडील असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यांना ब्राझील कुठे ते कळलं नसतं, पण त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं असतं.

"हा निबंध तुमच्या नावाला जोडला की काम झालं, मॅडम!" मननचा चेहरा फुलला होता. "फक्त त्या सुनिता म्हणजे तुम्हीच, हे दाखवावं लागेल."

तेच तर होतं. नाव बदलल्याचं राजपत्र तिच्या फाइलीत होतं, पण विद्यापीठाला ते पुरेना. सुनिता सुकलाल पाटील नावाच्या आणखीही बाया त्यांच्या दप्तरात निघाल्या होत्या, एक तर जळगावातच शिकवत होती. तेव्हा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं ताजं प्रतिज्ञापत्र आणा, आणि दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाची त्यावर साक्ष घ्या, असं कार्यालयातून सांगण्यात आलं. नवरा चालणार नाही.

"नवरा कशातच चालत नाही," ईश्वर रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाला. तो एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होता. दिवसभर माइकवर गाड्या पुकारून घरी आला की त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "बरं, उंदरांचं काय म्हणतात ब्राझीलवाले?"

तिने सांगितलं. त्याने घास हातात धरून सगळं ऐकून घेतलं, मग मान खाली घातली.

"म्हणजे मी तांदळात नाव लिहिलं, आणि तुझा निबंध पोरका झाला."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले होते. ईश्वरने अंगठीने त्यात 'सुलक्षणा' असं लिहिलं, बायांनी वाकून वाकून वाचलं, पेढे वाटले. नाव बदलायचंच असा त्याचा काही हट्ट नव्हता. पण घरात त्याची धाकटी बहीण होती, तिचंही नाव सुनिता. सासूबाईंचा, शेवंताबाईंचा, सवाल सरळ होता: "एकच घरमा दोन सुनिता कश्या चालतीन?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सुलक्षणानेही शोधलं नाही. पाटलाची पाटलाकडेच आली होती, आडनाव होतं तेच राहिलं, मग पहिल्या नावाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं तिने स्वतःला समजावलं.

गंमत म्हणजे ईश्वरने तिला ते नाव दिलं आणि पुढे 'अगं'वरच सगळा संसार केला. सुलक्षणा म्हणून तिला ओळखलं ते पगारपत्रकाने आणि दारावरच्या पाटीने.

"ताईची साक्ष घेऊ," ती म्हणाली. "तिच्याशिवाय कोण उरलंय?" माहेरचं घर बंद होऊन किती वर्षं झाली होती, सासूबाईही गेल्या होत्या.

नणंद तिच्यापेक्षा वयाने लहान, तरी ती तिला ताई म्हणायची. केवढा मान देते सून, असं भावकीत कौतुक व्हायचं. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःचंच नाव घेऊन दुसरीला हाक मारायला तिची जीभ उचलत नव्हती. त्या पहिल्या वर्षात अंगणातून कुणी "सुनिताऽ" म्हटलं की हातातली भाकरी तव्यावर टाकून ती उठायची, दारापर्यंत जायची, आणि तोवर ताई "ओऽ" देऊन मोकळी झालेली असायची. मग दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. ताई फार गोड पोरगी होती. वहिनीला वाचायला मिळावं म्हणून भाकऱ्या स्वतः थापायची आणि आईला सांगायची, वहिनीनेच थापल्या. वहिनी वाचत बसली की शेजारी टेकून विचारायची, "उंदीरना मेंदू केवढा ऱ्हास वं?" सुलक्षणा करंगळीचं पेर दाखवायची. "तेवढामा एवढं ध्यानमा ठेवस?" ताई म्हणायची आणि पुन्हा चुलीपुढे जाऊन बसायची. दहावीला तिला चांगले मार्क होते. पुढे शिकायचं होतं. पण स्थळ आलं धुळ्याचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान, माणसं चांगली, आणि शेवंताबाईंनी बार उडवून दिला.

धुळ्याला जाणारी गाडी सकाळची होती. ईश्वरने रजा टाकली आणि खिडकीची जागा बायकोला दिली. गाडी शहराबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मनन म्हणत होता, वेबसाइटवर एकच नाव ठेवावं लागतं. कोणतं ठेवणार?"

या प्रश्नाला ती दोन दिवस घाबरत होती. "तुम्ही सांगा."

"सुनिताच ठेव."

"अहो, पण तुम्ही दिलेलं नाव..."

"मी दिलेल्या नावाला पेन्शन मिळेल," ईश्वर म्हणाला. "तुझ्या आबांनी दिलेलं नाव एवढ्या लोकांनी वाचलंय, ते कशाला मोडायचं? आणि मला तर काय, 'अगं' चालतं." मग बाहेर बघत तो अचानक म्हणाला, "तेव्हा मी आईला म्हणू शकलो असतो, की असू दे दोन. म्हणालो नाही."

सुलक्षणाने त्याच्या हातावर हात ठेवला. समोरच्या सीटवरची म्हातारी वळून बघत होती, तरी काढून घेतला नाही.

धुळ्यात, देवपुरातल्या नणंदेच्या घराच्या गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन ती जिना उतरली. "ये वं वहिनी! भाऊ, तू बी उना! बठा, बठा. पह्यले पानी ल्या."

पाण्याबरोबर सगळी हकिकत झाली. निबंध, जपान, ब्राझील, सही. ताईचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"तेच उंदीर? मन्हा लगीनना आगोदरना?"

"तेच."

"अय माय! आनि मी त्यास्ले भाकरीना तुकडा लई जाऊ का, आसं इचारे." ती हसली, मग पिठाचे हात पदराला पुसले. "मन्हामुये तुनं नाव गयं ना वहिनी. साक्ष बी मीच देसू. चला."

ती साडी बदलायला आत गेली. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी करून दिलेली फ्रेम होती. 'सोनल आणि रमाकांत बोरसे'. सुलक्षणाने ती फ्रेम आधीही पाहिली होती. आज मात्र तिने ते नाव दोनदा वाचलं. बोरश्यांकडे ताईला सोनल केलं होतं. नव्या पद्धतीचं नाव म्हणून जावईबापूंनी आवडीने निवडलेलं. तिथेही तांदूळ, तिथेही अंगठी, पेढे. सगळे हौसेने टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यात सुलक्षणाही होती. एका घरात दोन सुनिता नकोत म्हणून तिचं नाव गेलं, आणि दीड वर्षाच्या आत त्या घरात एकही सुनिता उरली नव्हती. ही साधी वजाबाकी एवढ्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणीच केली नव्हती, मेंदूवर निबंध लिहिणाऱ्या बाईनेसुद्धा.

कोर्टाजवळ नोटरी वकील बसायचे, शांतीलालजी ओस्तवाल. वय झालेलं, बोलणं गोड, टेबलावर काचेखाली देवांच्या तसबिरी. त्यांनी मसुदा मोठ्याने वाचून दाखवला: सुनिता सुकलाल पाटील व सुलक्षणा ईश्वर पाटील ही एकच व्यक्ती असून, सोनल रमाकांत बोरसे त्यांना दोन्ही नावांनी ओळखतात. "दोन्ही सह्या करा, मॅडम. आधी जुनी."

सुलक्षणाने पेन टेकवलं. हात जरा अडला, मग 'सु'चा उकार जुन्या वळणाने खाली गेला आणि सगळी सही एका दमात उतरली. शेपूट वर वळवायची तिची कॉलेजातली खोड होती, तीही आली. ईश्वरने वाकून पाहिलं. त्याने ही सही कधी बघितलीच नव्हती. "भारी आहे," तो हळूच म्हणाला.

"आता साक्षीदार."

ताई खुर्चीच्या कडेला बसली. पदर सावरला, कागद सरळ केला. मघापासून ती त्या सहीकडेच बघत होती. जपून, शाळकरी मुलीच्या अक्षरात तिने लिहिलं आणि समाधानाने पेन खाली ठेवलं.

शांतीलालजींनी कागद उचलला. आधारकार्ड बघितलं. पुन्हा कागद बघितला.

"ताई, हे काय? तुमचं नाव सोनल आहे ना?"

कागदावर लिहिलं होतं, सुनिता.

"अग बाई." ताईने जीभ चावली. कानापर्यंत लाल झाली. "चुकलं साहेब. हातानं आपोआप लिहिलं गेलं."

"हे पण तुमचं नाव आहे?"

"होतं."

"काही कागद आहे तसा?"

"शाळेचा दाखला आहे. पेटीत असेल," ताई म्हणाली. "कोणी कधी मागितला नाही."

शांतीलालजींनी चष्मा काढला. माणूस कोरडा नव्हता. "दाखला घेऊन या, तुमचंही असंच प्रतिज्ञापत्र करून देतो. फक्त ते कशासाठी हवंय, एवढं त्यात लिहावं लागतं."

ताई विचारात पडली. खरोखर विचार करत होती. सुलक्षणा मनातल्या मनात तिच्यासाठी काहीतरी शोधू लागली. नोकरी, पदवी, एखादा कागद, कुठल्या तरी यादीतलं नाव. काही सापडेना. ईश्वर काचेखालच्या देवांकडे बघत उभा होता. तो एक भाऊ होता, आणि बहिणीला त्या नावाने शेवटची हाक कधी मारली हे त्याला आठवत नव्हतं.

"कशासाठीच नको, साहेब," ताई म्हणाली. "काढून टाका."

शांतीलालजींनी पट्टी घेतली आणि त्या नावावरून एकच सरळ रेघ ओढली. "वर सोनल लिहा. आणि खोडलंय तिथे बाजूला छोटी सही, म्हणजे तुम्हीच खोडलं असं होतं."

ताईने सोनल लिहिलं. बाजूला छोटी सही केली. शिक्का बसला.

"तुनं तं व्हई गयं ना, वहिनी?" बाहेर पायरीवर चप्पल घालताना तिने विचारलं.

"झालं."

"मंग बस."

ती ईश्वरबरोबर चहाच्या गाडीकडे गेली. सुलक्षणा झेरॉक्सच्या दुकानात शिरली. कॉलेजला एक, विद्यापीठाला एक, घरच्या फाइलीला एक. यंत्रातून गरम कागद एकेक करून बाहेर आले. तिने ते उजेडाकडे धरून पाहिले. पहिल्यावर शिक्का फिका होता, दुसऱ्यावर कडेला काळं आलं होतं. तिसरी प्रत मात्र स्वच्छ होती, आणि तिच्यात रेघेखालचं नाव अगदी नीट वाचता येत होतं.

विद्यापीठाला पाठवायला तिने ती प्रत वेगळी काढली.